आकड्यांतून सूर : छोट्या कारखानदाराचा डॅक निवडताना

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. आमच्या महाविद्यालयातील रसायनशास्त्राचे एक सहकारी तास संपवून माझ्या टेबलाशी आले आणि खुर्ची ओढून बसत म्हणाले, "सर, तुम्ही तर्कशास्त्र शिकवता, शिवाय गाण्याचा नाद तुम्हाला आहेच. मला एक डॅक घ्यायचाय. मोठ्या कंपनीचा नको. कुणा छोट्या, स्वतंत्र माणसानं मन लावून बनवलेला हवा. कोणता घेऊ, सांगा." मी विचारले, "आज ऐकताना तुम्हाला खटकतं काय?" ते जरा थांबले. मग म्हणाले, "तसं खटकत काही नाही. पण सगळे म्हणतात, फरक पडतो."

'सगळे म्हणतात' हे प्रमाण तर्कशास्त्रात फारसे वजनदार समजले जात नाही. तरी पण त्यांना हसण्याचा मला अधिकार नव्हता. कारण काही वर्षांपूर्वी मी स्वतः याच वाटेने गेलो होतो, पैसे मोजले होते आणि एकदा तर हे यंत्र जवळजवळ जाळूनही बसलो होतो. त्या अनुभवातून जे उमगले ते आज आपल्यापुढे ठेवावयाचे आहे.

प्रथम हा डॅक म्हणजे काय ते पाहू. संगणकात किंवा मोबाइलमध्ये साठवलेले गाणे हे मुळी गाणे नसतेच. ती आकड्यांची एक लांबलचक यादी असते. कॉम्पॅक्ट डिस्क १९८२ साली बाजारात आली. तिच्यासाठी ठरलेले माप असे की, ध्वनीची उंची दर सेकंदाला ४४,१०० वेळा मोजावयाची आणि प्रत्येक माप १६ द्विमान अंकांत लिहावयाचे. डाव्या व उजव्या अशा दोन्ही बाजूंचे मिळून सेकंदाला १४,११,२०० अंक होतात. हे आकडे कानाला ऐकू येत नाहीत. ते वाचून त्यांच्या बरहुकूम विजेचा दाब कमीजास्त करावा लागतो, आणि तो दाब पुढे स्पीकरचा पडदा हलवतो. आकड्यांपासून विजेचा दाब बनविणारे जे उपकरण, त्याला इंग्रजी आद्याक्षरांवरून डी. ए. सी., म्हणजेच डॅक असे म्हणतात.

आपल्याकडे जुन्या दफ्तरखान्यात मोडी वाचणारा जाणकार असतो. रुमालातला मजकूर आपल्याला दिसतो, पण तो वाचून दाखवायला माणूस लागतो. डॅकचे काम याच जातीचे आहे. मोडीवाचक चांगला असेल तर कागदावर आहे तेवढे सगळे आपल्याला कळते. पण कागदावर नाही ते तो वाचू शकत नाही, आणि वाचू लागला तर तो वाचक लबाड समजावा. ही उपमा कृपा करून ध्यानात ठेवा. पुढे तिचा उपयोग होणार आहे.

आता एक गोष्ट पुष्कळांच्या लक्षात येत नाही. डॅक आपल्या घरात आधीपासूनच असतो. संगणकात असतो, दूरदर्शन संचात असतो, मोबाइलमध्ये असतो. २०१६ साली ॲपल कंपनीने आपल्या आयफोनवरचे हेडफोनचे छिद्र काढून टाकले आणि त्याऐवजी नऊ डॉलर किमतीची एक बोटभर दोरी विकावयास काढली. त्या दोरीच्या टोकाशी जो नखाएवढा भाग आहे, त्यात एक संपूर्ण डॅक बसवलेला असतो. तेव्हा प्रश्न 'डॅक घ्यावा की नाही' असा नसून, 'आहे त्या डॅकच्या जागी दुसरा, वेगळ्या डबीतला डॅक टेबलावर आणून ठेवावा काय' असा आहे. प्रश्न नीट मांडला की अर्धे काम होते, असे आम्ही वर्गात सांगतो. बाजारात मात्र ते विसरतो!

डॅक बनविण्याच्या दोन मुख्य रीती आहेत. पहिली रीत समजावयास आपली जुनी वजने आठवावीत. शेर, अच्छेर, पावशेर, नवटाक, छटाक. प्रत्येक वजन आधीच्याच्या निम्मे. एवढी पाच वजने जवळ असली की छटाकापासून जवळजवळ दोन शेरांपर्यंत, छटाकाच्या टप्प्याने, कोणताही माल तोलता येतो. १६ अंकी डॅकमध्ये अशी १६ वजने असतात, आणि त्यांच्या मेळातून ६५,५३६ निरनिराळ्या पायऱ्या तयार होतात. वजनांच्या जागी येथे विजेला अडविणारे रोधक असतात, एक विशिष्ट किमतीचा व दुसरा त्याच्या दुपटीचा, असे शिडीसारखे जोडलेले. म्हणून याला शिडीचा डॅक म्हणता येईल. यातली अडचण किराणा दुकानदार चटकन ओळखील. शेराच्या मापातच छटाकभर खोट असेल, तर छटाकाचे माप कितीही बिनचूक असून उपयोग काय? वरचा रोधक पासष्ट हजारांत एका भागाइतका अचूक हवा. असे रोधक निवडून, जुळवून बसविणे हे कष्टाचे आणि खर्चाचे काम आहे.

दुसऱ्या रीतीला डेल्टा-सिग्मा म्हणतात. तीत वजने मोजकीच, पण हात विलक्षण चपळ. नळाची चावी अर्धवट उघडून धार कमी करण्याऐवजी ती पूर्ण उघडावयाची, पूर्ण बंद करावयाची, पण इतक्या वेगाने की बादलीत पडणाऱ्या पाण्याचे सरासरी मान हवे तेवढेच यावे. या उघडझापीने जी खडखड होते ती गणिताच्या युक्तीने कानाच्या टप्प्यापलीकडच्या कंपनांत ढकलली जाते आणि मग गाळून टाकली जाते. आज बहुतेक डॅक याच रीतीचे असतात, कारण ही चिप स्वस्त पडते आणि तिची अचूकता थक्क करणारी असते. शिडीच्या डॅकचे चाहते म्हणतात की त्याचा सूर अधिक मोकळा लागतो. तसा तो कुणाला वाटत असेल, तर त्याने तो आनंदाने घ्यावा. परंतु किंमत जास्त आहे म्हणून अचूकता जास्त असेल, असा समज करून घेऊ नये. पुष्कळदा मोजमापात स्वस्त चिपच पुढे असते.

आणि आता छोट्या कारखानदारांकडे येऊ. या क्षेत्राचे नवल असे की, येथे दोघा-चौघांची कंपनी मोठ्या कंपनीच्या खांद्याला खांदा लावू शकते. मोटार किंवा शीतकपाट घरच्या शेडमध्ये बनवून विकता येत नाही. डॅक बनवता येतो. मुख्य चिप सर्वांना विकत मिळते. अमेरिकेची ई. एस. एस., जपानची असाही कासेई अशा मोजक्या कंपन्या ती पुरवतात. कारागिरी राहते ती तिच्या भोवतालच्या मांडणीत : वीजपुरवठा किती स्वच्छ, घड्याळाचा ठोका किती स्थिर, तारांची वाट कशी आखली, शेवटचा वर्धक कसा जोडला, यात.

याचे एक उदाहरण कॅलिफोर्नियातले. तेथे २०१० साली जेसन स्टॉडर्ड आणि माइक मॉफॅट या दोन अनुभवी अभियंत्यांनी 'शिट ऑडिओ' नावाची कंपनी काढली. नाव जरा ओशाळवाणे आहे. ते त्यांनी मुद्दाम चावटपणे ठेवले, त्याला माझा इलाज नाही. दुकानदाराचा आणि जाहिरातीचा खर्च टाळून माल थेट गिऱ्हाइकाला विकावयाचा, हे त्यांचे धोरण. २०१२ साली त्यांनी ९९ डॉलरला एक छोटा डॅक काढला. त्याचे नाव, आपल्याला गंमत वाटेल, 'मोडी'! हे नाव आपल्या लिपीवरून आलेले नव्हे. युरोपच्या उत्तरेकडील पुराणात थॉर देवाचे मॅग्नी आणि मोडी असे दोन पुत्र आहेत, त्यांतला हा एक. पण मघाची माझी उपमा मला येथूनच सुचली, हे कबूल करतो.

दुसरे उदाहरण याहून विलक्षण आहे. २०११ च्या सुमारास एक गृहस्थ आपले खरे नाव न सांगता, केवळ 'एन-डब्ल्यू-ए-व्ही-गाय' या टोपणनावाने, निरनिराळ्या कंपन्यांच्या उपकरणांची मोजमापे प्रसिद्ध करीत असत. नावाजलेल्या, महागड्या वस्तूंचे दोष ते आलेखांनिशी दाखवीत. लोक अर्थातच रागावले. म्हणाले, नावं ठेवणं सोपं, करून दाखवा! तेव्हा त्यांनी खरोखरच हेडफोनसाठी एक वर्धक तयार केला, त्याला 'ऑब्जेक्टिव्ह टू' असे नाव दिले आणि त्याचा संपूर्ण आराखडा जगाला फुकट देऊन टाकला. कोणीही बनवावा, कोणीही विकावा. मात्र आराखड्यात फेरफार करून तो पुढे वाटू नये, अशी अट. पुढे २०१२ मध्ये त्यांच्या देखरेखीखाली त्याला साजेसा एक डॅकही निघाला. त्याची जुळणी घरी करण्याजोगी नव्हती, म्हणून तो तयार पाटीच्या रूपात छोट्या विक्रेत्यांमार्फत मिळू लागला. आणि त्याच वर्षी हे गृहस्थ एकाएकी गप्प झाले. पत्रांना उत्तर नाही, नवा लेख नाही. ते कोण होते हे जगाला अखेरपर्यंत कळले नाही. पण त्यांचा वर्धक बंद पडला नाही. अमेरिकेतील इलिनॉय राज्यातली जे. डी. एस. लॅब्ज ही छोटी कंपनी आणि इतर कित्येक जण तो पुढे अनेक वर्षे बनवीत राहिले, कारण आराखडा सर्वांजवळ होता.

मला वाटते, छोट्या कारखानदाराकडून वस्तू घेताना विचारावयाचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न या हकिकतीत दडलेला आहे. हा माणूस उद्या नसला तर माझ्या वस्तूचे काय होणार? मोठी कंपनी आपल्याला ओळखत नाही, पण ती सहसा नाहीशी होत नाही. छोटा माणूस आपल्याला ओळखतो, पण तो आजारी पडतो, कंटाळतो, दुकान मिटतो. किंवा त्याचा काही दोष नसताना अडचणीत येतो. ऑक्टोबर २०२० मध्ये जपानात नोबेओका येथील असाही कासेईचा चिपचा कारखाना आगीत सापडला. त्या चिपेवर ज्यांचे डॅक उभे होते अशा जगभरच्या कंपन्यांना एक तर थांबावे लागले किंवा सगळी मांडणी नव्याने करावी लागली. स्वतंत्र म्हणविणारा कारागीरही किती ठिकाणी परतंत्र असतो, ते त्या वेळी दिसले.

आता माझी स्वतःची गोष्ट सांगतो. माझ्या आईच्या जात्यावरच्या ओव्या माझ्या मामांनी १९८८ साली एका कॅसेटवर भरून घेतल्या होत्या. आई गेल्यानंतर ती कॅसेट कपाटात सापडली. एका विद्यार्थ्याच्या मदतीने मी ती संगणकावर उतरवून घेतली आणि हेडफोन लावून ऐकावयास बसलो. आवाज आला, पण त्याबरोबर दोन उपद्रव आले. एक म्हणजे सरसर अशी एकसारखी खरखर. दुसरा म्हणजे एक बारीक किरकिर, जी मी संगणकाचा माउस हलवला की वाढे आणि हात थांबवला की कमी होई. आईचा आवाज या दोहोंच्या मागे, पावसाच्या आड उभ्या असलेल्या माणसासारखा, अर्धवट.

तेव्हा मीही म्हणालो, चांगला डॅक हवा. परदेशातल्या एका छोट्या कारखानदाराचा मागवला. वाहतूक आणि जकात धरून तो मूळ किमतीच्या बराच वर गेला. पेटी आली, मी उघडली आणि उत्साहाच्या भरात त्याचा वीजपुरवठ्याचा ठोकळा भिंतीतल्या बटणाला लावला. दोन-तीन मिनिटांत जळका वास आला. ठोकळ्यावर बारीक अक्षरांत ११५ व्होल्ट असे स्वच्छ छापलेले होते. आपल्याकडे वीज २३० व्होल्टची! चूक सर्वस्वी माझी होती. मुलांना 'प्रश्न नीट वाचा' असे वर्षानुवर्षे सांगणाऱ्या माणसाने ठोकळ्यावरची एक ओळ वाचली नव्हती.

मी त्या कारखानदाराला शरमेने पत्र लिहिले. दुसऱ्याच दिवशी उत्तर आले, आणि ते कार्यालयाचे नव्हे, बनविणाऱ्याचे होते. त्याने लिहिले की ठोकळ्यातील उष्णतेने वितळणारी तार बहुधा आधी तुटली असेल, तेव्हा डॅक वाचला असण्याचा संभव आहे. डबीचे चार स्क्रू काढून अमुक दोन भाग काळे पडलेत का ते बघा. आणि लक्षात ठेवा, या यंत्राला १६ व्होल्टचा उलटसुलट प्रवाहच लागतो. बाजारात सर्रास मिळणारा एकदिश प्रवाहाचा ठोकळा लावू नका. मी तसे पाहिले. भाग शाबूत होते. मग आमच्या पुण्याच्या बुधवार पेठेत ट्रान्सफॉर्मर गुंडाळून देणाऱ्या एका कारागिराकडे गेलो. त्याने कागद वाचला, मान हलवली आणि म्हणाला, "परवा या. पण सर, या खेपेला तारेला पिना लावण्याआधी मला विचारा." तो ठोकळा आजही चालू आहे.

पुढे काय झाले? डॅक लावून मी पुन्हा आईच्या ओव्या ऐकल्या. माउसची किरकिर पार गेली. कारण ती संगणकाच्या पोटातील विजेची गडबड होती, आणि आकडे बाहेर आणून वेगळ्या डबीत त्यांचा आवाज केल्यामुळे ती गडबड आवाजात मिसळेनाशी झाली. पण खरखर होती तशीच राहिली, तसूभरही कमी झाली नाही. आणि ती कमी होणार तरी कशी? ती १९८८ सालच्या फितीवरच होती. ती आकड्यांत उतरली होती. मोडीवाचक प्रामाणिक होता. कागदावरचा डाग त्याने डाग म्हणूनच वाचला. इतकेच की, वाचकाचा स्वतःचा खोकला आता मध्ये येत नव्हता.

यातून निघणारी पहिली कसोटी अशी. आपल्याला खटकणारा दोष कोठे आहे ते आधी शोधावे. घरातल्या घरात हे करता येते. गाणे बंद ठेवून हेडफोन कानाला लावा. शांततेत गुणगुण ऐकू येते काय? येत असेल तर लॅपटॉपची चार्जिंगची तार काढून केवळ बॅटरीवर ऐका. गुणगुण गेली तर दोष वीजजोडणीतील आहे. नवा डॅक घेऊनही तो कित्येकदा जात नाही. माउस हलवताना किरकिर होत असेल तर वेगळ्या डॅकचा उपयोग होण्याचा पुष्कळ संभव आहे. शांतता पूर्ण असेल, आवाज पुरेसा मोठा होत असेल, तर आपला घरचा मोडीवाचक ठीक आहे. पैसे हेडफोनवर किंवा स्पीकरवर घालावेत. सुरातला खरा, कानाला जाणवणारा फरक बहुतांशी तेथेच असतो.

दुसरी कसोटी आकड्यांच्या मोहाची. जाहिरातीत ३२ अंक, ७६८ किलोहर्ट्झ असे मोठमोठे आकडे असतात. मनुष्याचा कान फार तर वीस हजार कंपनांपर्यंत ऐकतो, आणि माझ्या वयाला तेवढेही ऐकू येत नाही. वीस हजार कंपने पकडावयास त्यांच्या दुपटीहून थोडी अधिक मापे पुरतात, हे गणिताने सिद्ध झालेले आहे. ४४,१०० हा आकडा त्याच हिशेबातला. १६ अंकांमध्ये सर्वांत हळू व सर्वांत मोठ्या आवाजातले अंतर सुमारे ९६ डेसिबेल मावते. आपल्या जुन्या तीन मिनिटांच्या तबकड्यांना यातला थोडकाच भाग पुरे होतो. २००७ साली अमेरिकेत मेयर आणि मोरान यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. उच्च प्रतीच्या ध्वनिमुद्रणाच्या वाटेत मध्येच कॉम्पॅक्ट डिस्कचे माप घालून, श्रोत्यांना फरक ओळखावयास सांगितले. ५५४ वेळांपैकी २७६ वेळा उत्तर बरोबर आले, म्हणजे नाणे उडवल्यासारखेच. पुढे २०१६ साली लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातील जोशुआ राइस यांनी १८ प्रयोगांतील साडेबारा हजारांहून अधिक चाचण्या एकत्र केल्या. त्यांत बरोबर उत्तरांचे प्रमाण ५२.३ टक्के निघाले. सराव दिलेल्या श्रोत्यांत सुमारे ६० टक्के. तेव्हा फरक मुळीच नाही असेही म्हणू नये, पण तो असलाच तर किती निसटता आहे ते ओळखावे.

तिसरी कसोटी स्वतःच्या कानाची. ही मला फार आवडते, कारण येथे तर्कशास्त्राची व संगीताची गाठ पडते. आपला कान फसतो तो मुख्यतः एका गोष्टीने : जो आवाज किंचित मोठा तो आपल्याला चांगला वाटतो. एक डॅक २ व्होल्ट देत असेल आणि दुसरा १.९, तर फरक अर्ध्या डेसिबेलच्याही आत आहे; तो 'मोठा' म्हणून कळत नाही, पण 'भरीव', 'मोकळा', 'जिवंत' अशी विशेषणे मात्र सुचवितो. म्हणून तुलना करण्यापूर्वी मीटर लावून दोन्हींची पातळी सारखी करावी. मग एका मित्राला पडद्यामागे बसवावे आणि नाणे उडवून यंत्र बदलावयास सांगावे. मी माझा नवा डॅक आणि भौतिकशास्त्र विभागातल्या मित्राचा एक स्वस्त डॅक यांची अशी परीक्षा घेतली. सोळा वेळा. निव्वळ योगायोगाने सोळांपैकी बारा किंवा अधिक उत्तरे बरोबर येण्याचा संभव शेकडा चारांहूनही कमी असतो, म्हणून बारा हा उत्तीर्ण होण्याचा आकडा आम्ही आधीच ठरवला. मला मिळाले नऊ! मी नापास झालो आणि माझ्या अहंकाराला जरा धक्का बसला, पण तो धक्का खरेदीपूर्वी बसता तर अधिक बरे झाले असते. संगणकाच्या छिद्रातून येणारा आवाज मात्र मी सोळाही वेळा ओळखला. किरकिर लपत नाही.

चौथी कसोटी कारखानदाराची. येथे पाच गोष्टी पाहाव्यात. त्याने आपली मोजमापे प्रसिद्ध केली आहेत काय, आणि दुसऱ्या कोणी ती पडताळली आहेत काय? न आवडल्यास वस्तू परत घेतो काय, आणि परतीच्या टपालाचा खर्च कोणावर? भारतातून तो खर्च कधी कधी वस्तूच्या निम्मा होतो. वीजपुरवठा आपल्या २३० व्होल्टला चालणारा आहे काय? यू. एस. बी. वरच चालत असेल तर हा प्रश्नच मिटतो. संगणकाला वेगळे सॉफ्टवेअर न घालता तो जोडता येतो काय? विंडोजमध्ये यू. एस. बी. ध्वनीच्या नव्या पद्धतीची सोय २०१७ पासून आहे; तरीही जो डॅक केवळ कारखानदाराच्या सॉफ्टवेअरवर अवलंबून आहे, तो कारखानदार गेल्यावर निरुपयोगी होण्याची भीती असते. आणि शेवटी, डबी स्क्रूने उघडते की डिंकाने चिकटवलेली आहे? जी वस्तू उघडता येते ती बुधवार पेठेत दुरुस्त होते.

वस्तू घेण्याआधी एक साधा प्रश्न त्याला पत्राने विचारून पाहावा. माझ्या हेडफोनला हा पुरेल काय, असा. तो 'होय, नक्की घ्या' म्हणाला तर थोडे सावध राहावे. 'तुम्हाला याची गरज नाही' असे म्हणाला, तर पुढे कधी गरज पडल्यास त्याच्याकडूनच घ्यावे.

मग छोट्या माणसाकडून घेण्यात विशेष ते काय उरले? सूर अधिक गोड लागेल, हे नव्हे. चीनमधल्या टॉपिंग किंवा एस. एम. एस. एल. यांची कमी किमतीची यंत्रेही मोजमापात उत्तम ठरलेली आहेत. विशेष असेल तर एवढेच की, वस्तूच्या मागे एक माणूस आहे आणि तो पत्राला उत्तर देतो. माझा डॅक परीक्षेत पहिला आला नाही. पण मी मूर्खपणा केला त्या दिवशी त्याच्या कर्त्याने मला चार स्क्रू काढावयास शिकवले, हे मी किमतीत धरतो. ज्याला हे किमतीत धरावयाचे नसेल त्याने नऊ डॉलरची दोरी घ्यावी. त्यात कमीपणा काही नाही.

आमचे रसायनशास्त्राचे सहकारी मग काय करते झाले, ते सांगून संपवतो. त्यांनी घरी जाऊन शांतता ऐकली. शांतता शांतच होती. त्यांनी डॅक घेतला नाही. चांगले हेडफोन घेतले आणि उरलेल्या पैशांत सौभाग्यवतींसाठी आणखी एक जोड घेतला. आता संध्याकाळी दोघे एकत्र ऐकतात, असे सांगत होते.

आणि मी? कधीतरी रात्री आईच्या ओव्या लावतो. खरखर आहेच. परंतु माझे लक्ष आता तिच्याकडे जात नाही. किरकिर गेल्यापासून, दोन ओव्यांच्या मध्ये ती दम घेते आणि जात्याच्या खुंट्यावर बांगड्या किणकिणतात, ते ऐकू येते. ते त्या फितीवर पहिल्यापासून होतेच.